आर मधोमध आहे का?

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजी निवडणारी माणसं ढिगातलं वरचं उचलून सरळ पिशवीत टाकत नाहीत. वांग्याचं देठ बघतात, भेंडीचं टोक मोडून बघतात, काकडीचा तुकडा चाखायला मागतात. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या या इमारतीत गिऱ्हाइकाचा हात आणि डोळा पिढ्यानपिढ्या तयार होत आला आहे. तिथून तुळशीबागेकडे वळलं, की खेळण्यांच्या पथाऱ्या लागतात. भातुकली, लाकडी गाड्या, शिट्ट्या आणि टोपलीभर भोवरे. एवढी सगळी पारख या टोपलीपाशी मात्र थांबते. भोवरा रंग बघून घेतला जातो.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीला भोवरा हवा होता. शाळेतल्या एका मुलाने तळहातावर भोवरा फिरवून दाखवला, तेव्हापासून तिने ध्यास घेतला होता. टोपलीतल्या लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या भोवऱ्यावर तिने लगेच बोट ठेवलं. पथारीवाले काका म्हणाले, "ताई, तसेच आणखी आहेत. सगळे हातात घेऊन बघ, मग ठरव." त्यांच्या या एका वाक्याने सकाळ सार्थकी लागली. दिसायला अगदी सारखे असलेले भोवरे पथारीवर ओळीने मांडून आम्ही एकेक तपासायला बसलो.

पहिली तपासणी आरेची. भोवऱ्याच्या टोकाला ठोकलेला लोखंडी खिळा म्हणजे आर. भोवरा लेथवर कातताना तो एका मध्यरेषेभोवती फिरत असतो, म्हणून त्याचं पोट त्या रेषेभोवती गोल उतरतं. आर त्याच रेषेत बसली, तर जमिनीवरही भोवरा तसाच फिरतो. जराशी बाजूला गेली, तर लाकडाचा मध्य एक आणि फिरण्याचा मध्य दुसरा, अशी ओढाताण सुरू होते. खिळा कडेला का जातो, याचं कारण बहुतेक वेळा लाकडाच्या रेषांत सापडतं. रेषा उभ्या आणि सरळ असतील तर खिळा सरळ उतरतो. रेषा तिरक्या असतील, वाटेत गाठ असेल, तर तो मऊ बाजूला सरकतो. ठोकणाऱ्याचा हात कितीही सरळ असो, लाकूड खिळ्याला आपल्या वाटेने नेतं.

हे बघायला कसलंही उपकरण लागत नाही. भोवरा आडवा धरून आरेचं टोक एका हाताच्या बोटावर आणि डोक्याचा मध्य दुसऱ्या हाताच्या बोटावर टेकवायचा आणि हलकेच फिरवायचा. पोटाची कड एका पातळीवर राहिली तर आर मधोमध आहे. कड वर-खाली होत राहिली तर नाही. मग तो तसाच सैल सोडायचा आणि कोणती बाजू खाली येऊन थांबते ते बघायचं. पुन्हा पुन्हा तीच बाजू खाली येत असेल, तर तिकडचं लाकूड जड आहे. एका बाजूला गाभा आणि दुसऱ्या बाजूला सालीलगतचा भाग आला, की असं होतं, कारण गाभ्याचं लाकूड सहसा जास्त घट्ट असतं. आमच्या ओळीतले काही भोवरे इथेच बाजूला निघाले. रंग, उंची, घडण सगळं सारखं होतं, पण पोटात तोल नव्हता.

दुसरी तपासणी वाळलेल्या लाकडाची. ओलसर लाकूड कातलं तर ते नंतर आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते साधारण दुप्पट आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मंच. म्हणून लेथवरून गोल उतरलेला भोवरा काही महिन्यांत किंचित लांबट होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण जाळी गुंडाळताना बोटांना कळतं. जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी. तिचे वेढे एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल बसू लागले, तर लाकूड कच्चं होतं असं समजावं. अशा भोवऱ्याची आरही पुढे ढिली होते. काकांनी एक भोवरा नखाने टिचकी मारून ऐकवला, मग दुसरा. एकाचा आवाज खणखणीत होता, दुसऱ्याचा दबका. "वाळलेला बोलतो," ते म्हणाले.

तिसरी तपासणी बांध्याची, आणि खरी निवड इथे सुरू होते. उंच, निमुळता भोवरा दिसायला देखणा असतो, पण त्याचं वजन जमिनीपासून वर असतं. बसका, रुंद पोटाचा भोवरा वजन खाली ठेवतो आणि मध्यरेषेपासून दूर पसरवतो. फिरणाऱ्या वस्तूचं वजन मध्यापासून जितकं दूर, तितकी ती आपली दिशा सोडायला नाखूश असते. कललेल्या भोवऱ्याला गुरुत्व खाली ओढतं, पण फिरणारा भोवरा त्या ओढीने सरळ आडवा पडत नाही. त्याचा अक्ष ओढीच्या काटकोनात सरकतो आणि डोकं हवेत सावकाश वर्तुळ काढू लागतं. फिरकी जोरात असते तोवर हे वर्तुळ संथ असतं. फिरकी ओसरली की ते वेगाने होऊ लागतं, डोकं डगमगतं आणि पोट जमिनीला घासून भोवरा लोळतो.

या साध्या खेळण्यावर मोठमोठ्या गणितज्ञांनी आयुष्यातली वर्षं घातली आहेत. ऑयलर आणि लाग्रांज यांनी फिरणाऱ्या वस्तूंची समीकरणं सोडवली. १८८८ साली सोफिया कोवालेवस्काया यांना पॅरिसच्या अकादमीचं बोर्दें पारितोषिक मिळालं, ते अशाच फिरत्या वस्तूचा एक नवा प्रकार सोडवल्याबद्दल. १८९० मध्ये जॉन पेरी यांनी लीड्सच्या कामगारांपुढे भोवऱ्यांवर व्याख्यान दिलं आणि त्याचं पुस्तक झालं. या गणितातून पथारीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाचं एक सूत्र निघतं. भोवरा स्वतःच्या टोकावर ताठ उभा राहायला हाताने जाळीतून किती जोर द्यावा लागेल, हे त्याच्या वजनावर, ते वजन किती उंचावर आहे त्यावर आणि तो किती निमुळता आहे त्यावर ठरतं. भोवरा दुप्पट जड असेल तर जोरही दुप्पट हवा. बसका आणि रुंद असेल तर कमी जोरात भागतं. जड भोवरा एकदा नीट उभा राहिला तर हवेला आणि जमिनीच्या घर्षणाला सहज दाद देत नाही, बराच वेळ फिरतो. पण तो उभा करायला मनगट लागतं.

म्हणजे "सगळ्यात चांगला भोवरा कोणता?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मोठ्या माणसाच्या झटक्याने दीर्घकाळ निश्चल उभा राहणारा भोवरा दहा वर्षांच्या मुलीच्या हातून सुटला तर दोन गिरक्यांत पडतो, आणि मुलीला वाटतं आपल्याला जमत नाही.

हाच धडा मला आणखी एका खेळात दिसला आहे. डिस्क गोल्फमध्ये टोपलीच्या दिशेने चकत्या फेकायच्या असतात. या खेळाची व्यावसायिक संघटना १९७६ साली अमेरिकेत स्थापन झाली. लांब फेकीच्या चकतीला ड्रायव्हर म्हणतात आणि खूपशा चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा भर वेगात ती किती वळेल याचा आणि चौथा वेग ओसरल्यावर उलट बाजूला किती झुकेल याचा. उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली चकती वरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. भर वेगात ती उजवीकडे वळू पाहते आणि शेवटी डावीकडे झुकते. इथे गुरुत्वाऐवजी हवा चकतीला कलवू बघते, पण फिरत्या वस्तूचं काटकोनात उत्तर देणं तेच. ज्या खेळाडूच्या हाताला पुरेसा वेग नाही, त्याने वेगवान आणि फार स्थिर ड्रायव्हर फेकला तर तो वळतच नाही, लवकर डावीकडे कोसळतो. म्हणून शिकणाऱ्याला हलक्या, कमी वेगाच्या आणि कमी स्थिर चकत्या घ्यायला सांगतात. चारही आकडे सारखे असले, तरी प्लॅस्टिक वेगळं असलं किंवा चकती वापरून झिजली असली, की तिचं उडणं बदलतं. छापील आकडा सुरुवात करून देतो. निवड हातानेच पुरी होते.

भोवऱ्यावर तेवढे आकडेही नसतात. म्हणून दोन सारखे भोवरे तोलायचे तर ते फिरवूनच बघावे लागतात, आणि तेही नीट पद्धतीने. काकांच्या परवानगीने आम्ही गर्दीपासून बाजूला, शहाबादी फरशीचा एक मोकळा कोपरा गाठला. जाळी एकच ठेवली, कारण जाड दोरीचे वेढे कमी बसतात आणि बारीक दोरीचे जास्त. वेढे आरेपासून वर, एकमेकांना चिकटून घेतले. दोन भोवरे आलटून पालटून फेकले. एकच भोवरा ओळीने फेकत राहिलं तर हात तापत जातो आणि त्याचं श्रेय दुसऱ्याला मिळतं. फेकणाराही एकच हवा, आणि ज्याच्यासाठी भोवरा घ्यायचा तोच हवा. म्हणून मी बाजूला उभा राहिलो आणि भाची फेकत राहिली.

फिरताना बघायच्या आणि ऐकायच्या गोष्टी वेगळ्या असतात. तोल नसलेला भोवरा फरशीवर कडकड वाजतो, तोल असलेला नुसता घुमतो. आणि रंगाचा उपयोग इथे कळला. लाखेचे पट्टे भोवरा लेथवर फिरत असतानाच चढवतात. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, आणि चन्नपट्टणसारख्या ठिकाणी नंतर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. म्हणजे प्रत्येक पट्टा हा लेथच्या मध्याभोवती काढलेलं अचूक वर्तुळ असतो. आर त्या मध्यावर असेल तर फिरताना लाल आणि पिवळ्याच्या मधली रेघ धारदार दिसते. आर हुकली असेल तर ती रेघ पुसट होऊन नारिंगी पट्टा दिसतो. माझ्या भाचीने रंगावर बोट ठेवलं होतं, आणि रंगानेच तिला योग्य भोवरा दाखवला. "मामा, याची रेघ हलत नाही!" ती या शोधाच्या आनंदाने ओरडली.

आरेचं टोक ही शेवटची बाब. नवी, अणकुचीदार आर मातीत चांगली रुतते, आणि रिंगणात ठेवलेल्या दुसऱ्याच्या भोवऱ्यावर मारायची तर तीच हवी. फरशीवर मात्र किंचित गोलसर टोक बरं. गोल टोक कललेल्या स्थितीत मध्याच्या जरा बाजूला टेकतं, तिथलं घर्षण भोवऱ्याला हळूहळू ताठ करतं, आणि मग तो जागच्या जागी इतका शांत उभा राहतो की फिरतोय हेच कळत नाही. हातजाळी करायची, म्हणजे जमिनीला न लावता भोवरा हवेतून थेट तळहातावर झेलायचा, तर आर गोल आणि भोवरा हलका हवा. टोकदार आर तळहाताला बोचते आणि मूल हात मागे घेतं. आर लांब असली तर भोवरा जास्त कलला तरी पोट घासत नाही, पण वजन वर जातं आणि तोल नाजूक होतो. एक मिळवलं की दुसरं थोडं सोडावं लागतं. वापरानेही आर झिजून गोल होत जाते. आज घेतलेला भोवरा वर्षभराने वेगळ्या स्वभावाचा झालेला असतो, आणि खेळणाऱ्याचा हातही तोवर बदललेला असतो.

आता जपानी बेब्लेड बाजारात मुबलक आहेत. १९९९ साली आलेल्या या खेळण्यात सपाट टोकाचे भोवरे सैरावैरा धावून टक्कर देतात आणि टोकदार आरेचे एका जागी टिकून राहतात. तिथे ही निवड खोक्यावर छापून मिळते. लाकडी भोवऱ्यात ती मुलाला स्वतः शोधावी लागते, आणि मला ते मोलाचं वाटतं. ज्या मुलीने दोन सारख्या वस्तूंमधला फरक स्वतःच्या हाताने, कानाने आणि डोळ्याने शोधला, तिला पुढे भौतिकशास्त्राच्या वर्गात कोनीय संवेग शिकवताना शिक्षकांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आम्ही दोन भोवरे घेतले. एक हलका, बसका, गोल आरेचा, आज खेळायला. दुसरा जड आणि उंच, तिच्या मनगटात जोर येईल तेव्हासाठी. काकांनी सांगितलेल्या किमतीत घासाघीस केली नाही, आणि मुलांसाठी भोवरा घेणाऱ्या प्रत्येकाला माझी हीच विनंती आहे. लाकूड महिनोन् महिने वाळवून, रेषा बघून, आर मधोमध ठोकणाऱ्या कातारी माणसाचं काम आणि घाईत कातलेलं कच्चं लाकूड एकाच टोपलीत, एकाच भावाने विकलं जातं, कारण गिऱ्हाईक फरक विचारत नाही. वाळलेलं लाकूड मागा, आर तपासा, मुलाच्या हातून फेकवून बघा, आणि चांगल्या भोवऱ्याला चार पैसे जास्त द्या. चांगल्याला जास्त मोल मिळतं हे दिसलं, तरच कोणी लाकूड वाळायला वेळ देईल.