जुनं पाणी, जुने दगड (7) : पाण्याला पाठ लावून उभ्या एकवीस कमानी

मागच्या आठवड्यात आपण दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदीवर होतो. पिएर-पॉल रिकेच्या या सुमारे 240 किलोमीटर लांबीच्या कालव्यातली एक गोष्ट मुद्दाम आजसाठी ठेवली होती. सुरुवातीला बांधलेल्या लॉकच्या भिंती सरळ होत्या. लॉक म्हणजे नावा चढवण्या-उतरवण्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे लावलेला हौद. त्यातलं पाणी सोडलं की भिंतीचा आतला आधार जातो आणि बाहेरची ओली माती तिला आत रेटते. तुलूजजवळचा एक लॉक असाच ढासळला. मग रिकेने दोन्ही भिंतींना मातीच्या बाजूला बाक दिला. कालव्यावरचे प्रसिद्ध लंबगोल लॉक तेव्हापासूनचे.

भार येतो तिकडे भिंतीचा बाक काढायचा, ही युक्ती हैदराबादेत फार मोठ्या मापात बघायला मिळते. नेहरू प्राणिसंग्रहालयाला लागून मीर आलम तलाव आहे. निजाम सिकंदरजाहचा दिवाण मीर आलम याने 1804 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि दोनेक वर्षांत ते पुरं झालं. सुमारे एक किलोमीटर लांबीचं हे धरण सरळ भिंतीचं नाही. एकवीस अर्धगोल कमानी आडव्या निजवून एकापुढे एक जोडल्या आहेत आणि प्रत्येकीची पाठ पाण्याकडे आहे. दोन कमानी मिळतात तिथे भक्कम पुस्ता. गाळे मात्र सारखे नाहीत : लहानात लहान साधारण 21 मीटर, मोठ्यात मोठा 45 च्या आसपास.

दगड-चुन्याचं बांधकाम दाब हवा तेवढा सोसतं, ताण मात्र सोसत नाही. साधं दगडी धरण नुसत्या वजनावर पाणी अडवतं, म्हणून त्याला दगड बेसुमार लागतो. कमानीवर पाणी रेटलं की तिचे दगड एकमेकांत घट्ट बसतात आणि रेटा दोन्ही टोकांच्या पुस्त्यांकडे जातो. शेजारच्या कमानींचे आडवे रेटे पुस्त्यावर समोरासमोर येऊन बरेचसे फिटतात. त्यामुळे भिंत बारीक ठेवूनही चालतं. पुराचं पाणी माथ्यावरून वाहून गेलं तरी हे धरण टिकलं. मातीचा बांध असता तर तेवढ्यात वाहून गेला असता.

हे काम फ्रेंच इंजिनियरचं, असं शहरात सर्रास सांगतात. हे पटणं कठीण आहे. निजामाच्या फ्रेंच फौजेचा सेनापती रेमंड, म्हणजे 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांसमोर उभा ठाकलेला तोच, मार्च 1798 मध्ये वारला. त्याच वर्षी इंग्रजांनी ती फौज मोडून काढली. मीर आलम स्वतः इंग्रजांच्या बाजूचा. धरणांच्या इतिहासाच्या पुस्तकांत रसेल नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनियरचं नाव येतं, आणि ते काळाशी जुळतं. पण हैदराबादकरांना रेमंडचा लळा मोठा, त्यामुळे श्रेय तिकडे गेलं असावं.

अनेक कमानींची धरणं जगात रूढ झाली ती विसाव्या शतकात, काँक्रीट आल्यावर. त्याआधी शंभर वर्षं हे उभं होतं आणि पुढे शहराला पिण्याचं पाणीही देत होतं. उस्मानसागर हा नवा जलाशय झाल्यावर त्याचं महत्त्व ओसरलं. तो उस्मानसागर का बांधावा लागला, 1908 च्या मुसी नदीच्या पुराने काय केलं आणि विश्वेश्वरय्यांना का बोलावलं, ते पुढच्या आठवड्यात.