मेमकॅश्डच्या सर्व्हरना एकमेकांचा पत्ता नसतो

गैरसमज : कोणती नोंद कुठे ठेवायची, हे कॅशचे सर्व्हर आपसांत ठरवतात.

ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगस्थळासाठी मेमकॅश्ड ही कॅश तयार केली. त्यातल्या एका सर्व्हरला दुसऱ्याचं अस्तित्वही ठाऊक नसतं. नोंदीच्या कीवरून सर्व्हर निवडण्याचं काम अ‍ॅप्लिकेशनमधली क्लायंट लायब्ररी करते. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

गैरसमज : एक सर्व्हर वाढवला तर थोड्याच नोंदी हलतात.

कीच्या हॅशला सर्व्हरसंख्येने भागून बाकी पाहण्याची सोपी पद्धत असेल, तर चाराचे पाच सर्व्हर होताच सुमारे ८० टक्के कींचा पत्ता बदलतो. कॅश जवळपास रिकामी ठरते आणि सगळा भार डेटाबेसवर कोसळतो. १९९७ साली डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये सर्व्हर आणि की एकाच काल्पनिक वर्तुळावर बसतात. कीपासून पुढे जाताना जो सर्व्हर आधी भेटेल, तो तिचा. पाचवा आला तर साधारण पाचवा हिस्साच हलतो. वाटणी समान व्हावी म्हणून एकेका सर्व्हरचे अनेक बिंदू मांडतात. लास्ट डॉट एफएमच्या केटामा या लायब्ररीत ते प्रत्येकी १६० असतात. तरी एखादी अतिलोकप्रिय की एकाच सर्व्हरला घाम फोडते, त्यावर वर्तुळाकडे उपाय नाही.

गैरसमज : दोन क्लायंट लायब्ररी ‘केटामा’ वापरतो म्हणतात, म्हणजे जुळल्या.

हा सगळ्यांत महागात पडणारा समज. बिंदू निघतो सर्व्हरच्या नावाच्या मजकुरातून आणि तो मजकूर कसा जुळवायचा यावर एकमत नाही. पीएचपीमागची लिबमेमकॅश्ड नेहमीचा ११२११ हा पोर्ट असेल तर तो गाळते. जावाची स्पायमेमकॅश्ड मुळात होस्टनाव, आयपी आणि पोर्ट तिन्ही जोडायची. एका अक्षराचा फरक पडला की एमडी५ हॅश वेगळा आणि वर्तुळही वेगळं. पीएचपीने लिहिलेली नोंद जावा भलत्याच सर्व्हरवर शोधते. एररही येत नाही, फक्त ‘सापडली नाही’. पुढे स्पायमेमकॅश्डमध्ये लिबमेमकॅश्डसारखा मजकूर निवडायची सोय झाली, पण ती निवडावी लागते. होस्टनाव की आयपी, हेही सगळीकडे सारखंच लिहायला हवं.

आणि सर्व्हर जुळला तरी काम संपत नाही. जावाने आपल्या पद्धतीने साठवलेलं ऑब्जेक्ट पीएचपीला वाचता येत नाही. नोंदीसोबत साठवलेल्या फ्लॅग या आकड्याचा अर्थही क्लायंटच ठरवतो, सर्व्हर तो जसाच्या तसा परत देतो. दोन भाषांत वाटून घ्यायचं असेल तर साधं जेसॉन बरं.

गैरसमज : बंद पडलेला सर्व्हर परतला की सगळं पूर्ववत.

रीस्टार्ट होऊन आला तर तो सहसा रिकामा असतो, म्हणजे जुन्या नोंदींचा धोका नाही. नेटवर्क तुटून परत आला तर जुन्या नोंदी घेऊन येतो. मधल्या काळात लायब्ररीने त्याला वगळून शेजारच्या सर्व्हरवर लिहिलेली नवी किंमत बाजूला पडते आणि ग्राहकाला जुनी दिसते. लायब्ररीने सर्व्हर आपोआप वगळायचा पर्याय म्हणूनच डोळे मिटून चालू करू नये. नोंदींना मुदत तर हवीच.

गैरसमज : रेडिस क्लस्टरही हेच करतं.

नाही. तिथे १६,३८४ ठरावीक स्लॉट असतात, कीचा सीआरसी१६ काढून स्लॉट ठरतो आणि कोणता स्लॉट कुणाकडे हे सर्व्हरच जाणतात. क्लायंट चुकला तर त्याला ‘मूव्हड’ असं उत्तर आणि योग्य पत्ता मिळतो.