तारीख मिळाली, पण तोवर काय करायचं?

“तारीख मिळाली ना डॉक्टरांची? मग तोवर कळ काढ. फोनवर बोलून कुठं आजार बरा होतो? आणि आजार तरी कसला, जेवायचंच तर आहे!” खाण्याच्या विकाराबद्दल हे बोलणं पुन्हा पुन्हा कानावर येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि ऐकणारा ते खरं मानून गप्प बसतो, म्हणून त्या बोलण्याचा राग येतो.

पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी सोडली की कुरुळी लागते. चाकणच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी जण इथं आणि आसपासच्या निघोजे-चिंबळीत रूम करून राहतात. घरचे लांब गावाकडे, जेवण खानावळीच्या डब्याचं नाहीतर कंपनीच्या कॅन्टीनचं, आणि पाळ्या सतत बदलत्या. अशा खोलीत डबा दोन दिवस तसाच परत गेला तरी विचारणारं कुणी नसतं. पोट फुटेस्तोवर खाऊन नंतर बाथरूममध्ये घशात बोट घालून उलटी काढली, तरी नसतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर पिंपरीचं वायसीएम, पुण्यातलं ससून किंवा खासगी दवाखाना. त्यासाठी खाडा करावा लागतो आणि कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा भरत नाही, प्रमाण 0.75 च्या आसपास आहे. त्यातही खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेले मोजकेच. तेव्हा वाट पाहणं आलंच.

पण या वाट पाहण्याच्या काळात आजार जागच्या जागी थांबत नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास जेवणावर ठेवलं होतं. धडधाकट मनाची ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली, चिडचिडी आणि उदास झाली, मित्रांपासून तुटली. उपासमार स्वतःच मन बिघडवते, हे त्यातून स्पष्ट झालं. मग आधीच आजारी असलेल्या माणसाला “जेवायचंच तर आहे” म्हणण्यात काय अर्थ आहे? खाण्याची भीती, खाल्ल्यावरची शरम आणि उपासानं दमलेला मेंदू ही तिन्ही एकमेकांना धरून असतात. त्यात आणखी दोन-तीन महिने गेले की ती पकड घट्टच होते.

इथंच फोनवरचा किंवा ऑनलाइन आधार उपयोगी पडतो. तो उपचाराची जागा घेत नाही, पण वेळ मारून नेणंही नाही. रात्रपाळीहून आल्यावर, डबा समोर असताना, कुणाशी तरी बोलत चार घास खाता येतात. जे रूममेटला सांगता येत नाही ते एका अनोळखी माणसाला सांगता येतं, आणि एकदा सांगितलं की डॉक्टरांसमोर तोंड उघडणं सोपं जातं. शंका असेल तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना पाहाव्यात. बिंज इटिंग (ताबा सुटून खूप खाणं) आणि बुलिमिया (तसं खाऊन मग उलटी वगैरे काढणं) असलेल्या प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून त्यांनी मार्गदर्शनाखालचा स्व-मदत कार्यक्रम सुचवला आहे. त्यातल्या भेटी साधारण 20 मिनिटांच्या, 16 आठवड्यांत चार ते नऊ. एवढ्याशा आधाराला तिथं उपचारयोजनेत जागा आहे. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या भीतीनं खाणंच तोडलं जातं त्या विकारात, मात्र हे पुरत नाही.

आपल्याकडे त्यातल्या त्यात हाताशी आहे ते टेलि-मानस. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सरकारी सेवा. क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. ही सेवा खास खाण्याच्या विकारांसाठी नाही, त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं: मला जेवणाचा त्रास आहे, अमुक तारखेला डॉक्टरांना भेटायचं आहे, तोवर सांभाळून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘हा पोरींचा आजार’: पुरुषांनाही होतो, फक्त ते उशिरा सांगतात. ‘बारीक दिसत नाही म्हणजे आजार नाही’: बुलिमिया आणि बिंज इटिंगमध्ये वजन अनेकदा नेहमीइतकं किंवा जास्तच असतं. ‘हे परदेशातलं खूळ’: दिल्लीतल्या डॉक्टरांनी पाच तरुणींच्या नोंदी 1995 मध्येच प्रसिद्ध केल्या. ‘कंपनीला कळेल’: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ‘व्हिडिओवर डॉक्टर दाखवणं बेकायदा’: मार्च 2020 पासून त्याचे अधिकृत नियम आहेत. ‘माणूस कशाला, चॅटबॉट आहे की’: अमेरिकेत नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनचा ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट या रुग्णांना चक्क वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागला, आणि 2023 मध्ये तो बंद करावा लागला.

एक गोष्ट मात्र फोनवरून होत नाही, ती म्हणजे शरीराची तपासणी. वारंवार उलट्या काढल्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे वजनकाट्यावर दिसत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची तारीख लागत नाही. जवळच्या कुठल्याही डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घेता येतो, आणि उलट्यांचं न लपवता सांगायचं. घरच्यांनीही, बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला गावाकडे नेऊन एकदम तूप-लाडवांचा मारा करू नये. लांबलेल्या उपासमारीनंतर अचानक भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. आणि चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीतून रक्त, पाणीही पोटात न ठरणं किंवा जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर तारखेपर्यंत थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि त्या माणसाला खोलीत एकटं सोडायचं नाही.