सामरीचं पुस्तक

कल्याणला पुष्पक पकडली तेव्हा भाचीच्या हातात ‘द हंगर गेम्स’ होतं. भुसावळ मागे पडलं, दशम्यांचा डबा उघडला, तरी तिची मान काही वर झाली नाही. चटणीचं तेलकट बोट पानाला लागलं म्हणून मीच हळहळलो. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सुझान कॉलिन्सची ही कादंबरी २००८ सालची. पॅनेम नावाच्या देशात एक ऐषारामी राजधानी आहे आणि तिच्या टाचेखाली बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची, त्या चोवीस जणांना रानात सोडायचं, शेवटी एकच जिवंत उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं आणि हा सगळा प्रकार देशभर टीव्हीवर दाखवायचा. सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते. मला वाटलं होतं, पोरगी पहिल्यांदाच वाचतेय. तर हे तिसरं पारायण होतं.

“मग पुढचे भाग?”

“वाचलेत रे मामा. पण पुढे नुसतं युद्धच. पहिल्यात कसं, तिकडे काय चालतं ते आपल्याला एकेक करून कळत जातं. म्हणून हाच भारी.”

दीडशे वर्षांपूर्वीच्या लखनौकरालाही नेमकी हीच चटक लागली असणार, आणि आमची गाडी चालली होती त्याच्याच गावाला.

१८८३ मध्ये लखनौच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा पहिला खंड बाहेर पडला. लेखक मुहम्मद हुसेन जाह. होशरुबा म्हणजे होश उडवणारं. तिलिस्म म्हणजे जादूनं उभारलेली बंदिस्त दुनिया. तिचं आभाळ वेगळं, कायदे वेगळे, आणि एकदा आत शिरलं की बाहेरची वाट गडप. अमीर हमजा या वीराची दास्तान, म्हणजे लांबलचक गोष्ट, त्याआधी कित्येक शतकं फारसीत आणि मग उर्दूत सांगितली जात होती. अकबरानं तिच्यावर चौदाशेच्या आसपास चित्रं काढून घेतली होती. पण तिच्यातलं होशरुबा हे खास लखनवी पीक. त्याची मूळ कल्पना मीर अहमद अली या दास्तानगोच्या नावावर सांगतात. जाहनं मात्र ही जुन्या ग्रंथातली कथा असल्याचा आव आणला. आपलंच पोर दत्तक म्हणून मिरवावं तसं!

हमजाचा मुलगा बदीउज्जमान हरणाच्या पाडसामागे धावता धावता या तिलिस्मात अडकतो. त्याला सोडवायला हमजाचा नातू, तरणाबांड असद, आत शिरतो. सोबत पाच अय्यार, म्हणजे वेषांतर, हातचलाखी आणि गुंगीच्या औषधात तरबेज असलेले हेरच. (‘चंद्रकांता’ मालिका पाहिलेल्यांना अय्यार वेगळे सांगायला नकोत. देवकीनंदन खत्रींची ती कादंबरी या पहिल्या खंडानंतर पाचेक वर्षांनी आली.) त्यांचा म्होरक्या अम्र अय्यार. त्याच्या जंबील नावाच्या झोळीत अख्खं जग मावतं आणि तरी त्याची हाव काही भागत नाही. मेलेल्या शत्रूच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेणारा हा कवडीचुंबक मला पुस्तकातल्या सगळ्या शूरवीरांपेक्षा जवळचा वाटतो.

आतला राजा अफरासियाब, जादूगारांचा बादशहा. त्याच्या मुलखाचे तीन भाग: दिसणारा जाहिर, लपलेला बातिन आणि काळोखाचा जुल्मात. जाहिर आणि बातिनच्या मधून रक्ताची नदी वाहते. राजाकडे सामरीचं पुस्तक आहे. ते उघडलं की कोण कुठे आहे, कुठल्या वेषात आहे, सगळं समोर येतं. जादूचे पंजे आभाळातून झेपावतात आणि माणसाला उचलून नेतात. टेहळणी, धरपकड, भीती. पॅनेममध्ये जे जे आहे ते सगळं इथे आहे, फक्त वीज नाही.

भाचीनं एव्हाना पुस्तक मिटून त्यात बोट घातलं होतं. “त्याला सगळं कळतं, तर मग हे लोक पकडले कसे जात नाहीत?”

जाहची खरी करामत इथेच आहे. सामरीचं पुस्तक खोटं बोलत नाही, पण ते उघडावं तर लागतं! अफरासियाबला संशय आला की तो पाहणार. समोरची दासी ही दासीच आहे अशी खात्री असेल, तर कशाला पाहील? अय्यार जगतात ते या फटीत. म्हातारी, गवय्या, दासी, कुणीही होऊन आत शिरतात, पेल्यात गुंगीचं औषध मिसळतात, आणि बादशहा पुस्तक उघडेपर्यंत त्याचा एखादा सरदार गारद झालेला असतो. मग हळूहळू त्याच्या घरातलीच माणसं फुटतात. राजकन्या महजबीन असदच्या प्रेमात पडते, महारुख नावाची बडी जादूगारीण बंड पुकारते, आणि बंडखोरांच्या छावणीत राणी म्हणून गादीवर बसते ती महजबीन.

एका साम्यानं तर मी चाटच पडलो. हंगर गेम्समध्ये एखादं मूल मेलं की तोफ उडते आणि रात्री आभाळात त्याचा चेहरा झळकतो. होशरुबात जादूगार मेला की अंधारून येतं, वादळ सुटतं, आणि त्या कल्लोळात आवाज उठतो: मला मारलं, माझं नाव अमुक होतं. शत्रूचंसुद्धा नाव घेतल्याशिवाय त्याला मरू द्यायचं नाही, हे मला फार आवडतं. तेवढ्यानं पुस्तकातला रक्तपात पचनी पडत नाही, हेही खरं. धर्म बदलला नाही की मुंडकं उडालं, हा न्याय पानोपानी आहे आणि तो वाचताना अंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी रेसिडेन्सी पाहिली. लाल विटांच्या भिंतींत १८५७च्या गोळ्यांची भोकं अजून तशीच आहेत. भाची एकेका भोकात बोट घालून पाहत होती. १८५६च्या फेब्रुवारीत अवध खालसा झालं, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेले. बंड मोडल्यावर रॉबर्ट नेपियरच्या आराखड्यानुसार दाट मोहल्ले पाडून सरळ रुंद रस्ते काढले गेले, फौजेला झटकन पोचता यावं म्हणून. पहिल्या खंडाचे वाचक या पाडापाडीतून उरलेल्या गावात राहत होते. जाहनं अफरासियाब लिहिताना गोरा साहेब डोळ्यांपुढे ठेवला होता, असं मी म्हणणार नाही. पण आपलं शहर रातोरात परक्या कायद्याचं झालेलं पाहिलेल्या माणसाला ती पानं कशी लागली असतील, एवढं मनात आल्यावाचून राहत नाही.

नवलकिशोर यांनी छापखाना काढला तो १८५८ मध्ये, म्हणजे धूळ खाली बसायच्या आतच. काम शिळाछापाचं. कातिब खास शाईनं कागदावर सुबक नस्तालिक लिहायचा, ते अक्षर दगडावर उलटं उतरायचं आणि दगडावरून पानावर सुलटं. आपल्याकडच्या जुन्या पोथ्याही अशाच छापलेल्या. कुराण, हिंदूंचे धर्मग्रंथ, वैद्यक, ‘अवध अखबार’ आणि या जादूच्या गोष्टी, सगळं एकाच छताखाली. चौकातल्या अफूबाजांच्या बैठकीत तोंडी रंगणारी दास्तान दगडावर चढली ती इथे.

जाहनं चार खंड लिहिले आणि ते बाजूला झाले. पुढचे अहमद हुसेन कमर यांनी १८९३ पर्यंत पुरे केले. एकूण सुमारे ८,००० पानं. कमर यांनी स्वतःची टिमकी वाजवायला आणि जाहना नावं ठेवायला बरीच शाई खर्ची घातली आहे. संपूर्ण हमजाचे तर ४६ खंड. ते सगळे जमवून वाचणारे शम्सुर्रहमान फारुकी २०२० मध्ये गेले. त्यांच्याच पुढाकारानं आणि महमूद फारुकींच्या तोंडून २००५ मध्ये दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली. मी वाचला तो मुशर्रफ अली फारुकींनी इंग्रजीत आणलेला पहिला खंड.

संध्याकाळी हजरतगंजात बास्केट चाट खाताना भाचीनं विचारलं, “पण मग ते तिलिस्म तुटतं कसं?”

तिलिस्म बांधतानाच बांधणारा त्याची किल्लीही करून ठेवतो. तिला लौह म्हणतात, म्हणजे पाटी. ते कधी मोडेल आणि कुणाच्या हातून, हेही तेव्हाच ठरलेलं असतं. अफरासियाबला ते पहिल्या पानापासून ठाऊक आहे. आपली मुदत ठरलेली आहे हे माहीत असूनही तो रोज दरबार भरवतो, पंजे धाडतो, पुस्तक उघडतो.

“आणि ती पाटी असदला मिळते?”

“पहिल्या खंडात नाही.”

“मग सांगू नकोस,” ती म्हणाली आणि तळाशी उरलेलं दही चमच्यानं खरवडू लागली.