पोथी उघडी आहे, वाचणार कोण?

वाशीम तालुक्यातील अनसिंग येथे आम्ही एका जमिनीच्या प्रकरणाचे कागद घेऊन बसलो होतो. शंभरावर पाने, सारी स्कॅन केलेली. एक नाव शोधायचे तरी पानन् पान डोळ्यांखालून घालावे लागे. सोबतच्या कॉलेजच्या पोरांपैकी एक म्हणाला, "सर, क्रॅकवालं सॉफ्टवेअर टाकून देतो."

आम्ही नाही म्हणालो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते की, संगणक प्रणालीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायद्याने लढणाऱ्यांनी चोरीच्या हत्याराने का लढावे?

त्याऐवजी आम्ही टेसरॅक्ट घेतले. चित्रातला छापील मजकूर ओळखून तो अक्षरांत उतरवणारे हे सॉफ्टवेअर मराठीही वाचते. एचपी कंपनीत जन्मलेले हे काम २००५ साली सोर्स कोडसह सर्वांना खुले झाले. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेली, माणसाला वाचता येणारी मूळ संहिता. कंपाइलर तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. बहुतेक कंपन्या केवळ यंत्राची प्रत विकतात, मूळ संहिता कुलपात ठेवतात.

लिनक्सवर टेसरॅक्ट तयार स्वरूपातही मिळते. पण पोरांनी शिकावे म्हणून आम्ही मूळ संहितेपासूनच सुरुवात केली. पहिली आज्ञा 'कॉन्फिगर'. ती संगणकात काय आहे, काय नाही, हे तपासते. काम तिथेच अडले आणि पोरांचे चेहरे उतरले. पडद्यावरचा मजकूर नीट वाचला तेव्हा कळले की 'लेप्टोनिका' हा आधाराचा संच नव्हता. तो टाकला. मग 'मेक' ही आज्ञा दिली. जुना संगणक बराच वेळ घरघरत राहिला. शेवटी 'मेक इन्स्टॉल'. इथे संगणकाच्या मालकाचा पासवर्ड लागतो, म्हणून संहिता कुठून आणली याची खात्री आधीच करायची असते. मराठीची माहिती-फाइल जोडली आणि छापील पाने वाचली जाऊ लागली. तलाठ्याच्या हस्ताक्षरापुढे मात्र यंत्राने हात टेकले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, तो सॉफ्टवेअर फुकट वाटण्यासाठी नव्हे. वापरणाऱ्याला संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार असावा, हा त्यांचा आग्रह होता. अधिकाराची ही भाषा आम्हाला नवी नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिताना दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबून न राहता शास्त्रांतील वचनेच तपासायला घेतली होती.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, त्यांची मुले आज मोबाइल सफाईने चालवतात. पण चालवणे वेगळे आणि घडवणे वेगळे. केवळ चालवणारा कायम गिऱ्हाईकच राहतो. आज पोथी उघडी आहे, ऐकले म्हणून कानात शिसे ओतणारा कोणी नाही. तरीही आम्ही ती उघडली नाही, तर दोष कुणाला देणार?

प्रत्येक विहारात एक जुना संगणक आणि आठवड्यातील एक संध्याकाळ, एवढे तरी आम्ही समाज म्हणून करू शकतो. पहिल्या दिवशी चूक येईलच. ती वाचायला शिकणे हाच पहिला धडा आहे.