उल्हासकाठच्या तलवारींचा मागोवा

नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने खरेदी केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस पोहोचली. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपीय घडणीचे असून त्याच्या पाठीवर ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब देवनागरीत सोन्याने कोरलेला आहे, आणि मूठ मुल्हेरी घाटाची आहे. परदेशी पोलाद व देशी मूठ यांचा हा संयोग पाहिल्यावर आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्याकडे, म्हणजे अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्याकडे, शस्त्रांच्या दृष्टीने एकवार वळून पाहावेसे वाटते. कारण तलवारीची लांबी शत्रूच्या अंगावरील पोलादाने आणि स्वाराच्या मांडीखालील घोड्याने ठरते, हे सूत्र येथल्या नऊ शतकांत स्पष्ट दिसते.

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार नृपती मुम्मुणीच्या कारकिर्दीतील. त्या व पुढच्या काळातील उत्तर कोकणचे योद्धे कसे लढत, हे बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर कोरलेले आहे. सरळ तलवारींच्या प्राचीन परंपरेतला खंडा हा दुधारी, टोकाकडे रुंदावत जाणारा आणि शेवटी बोथट; पाते सुमारे अडीच फुटांचे. भार अग्राकडे असल्यामुळे त्याचा घाव कुऱ्हाडीसारखा जड पडे, आणि तोडणे हेच त्याचे मुख्य कर्म होते.

पुढे तुर्क व मोगल अमदानीत वक्र तलवार प्रचारात आली. तिचे पाते बहुधा २८ ते ३२ इंचांचे असे, आणि भरधाव घोड्यावरून जाताना ते रुतून न बसता ओढत कापीत जाई. आखूड मूठ व तिच्या शिरावरील वाटी यांमुळे मनगट जखडले जाऊन घाव खांद्यातून येई. जपानी कतानाचे पातेही साधारण २८ इंचांचेच, परंतु तिची लांब मूठ दोन्ही हातांसाठी असते. लांबी सारखी असूनही युद्धकला भिन्न होते, ती अशी.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आली. शेजारी वसईस पोर्तुगीजांचे ठाणे होते आणि पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय पाती उतरत होती. म्हणून त्या पात्यांच्या तलवारीस ‘फिरंग’ हे नाव पडले. फिरंग आणि मराठ्यांची आवडती धोप यांची सरळ पाती पुष्कळदा तीन फुटांहून अधिक लांब असत. चिलखत घातलेल्या शत्रूस दुरून गाठणे आणि त्याच्या चिलखताच्या सांध्यांत टोक खुपसणे त्यामुळे साधे. आणि अनेक फिरंगांच्या वाटीवर निघालेला दांडा दुसऱ्या हाताने धरून घाव दुप्पट बळाने घालता येई. दांडपट्ट्यात तर खोबळा कोपराखालचा हात झाकीत असल्याने हात व पाते एकच होऊन जात. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, असे जी परंपरा सांगते, तिच्यात या घोडदळी युगाचाच पडसाद आहे.

१७८० मध्ये इंग्रजांनी जवळच्या मलंगगडास वेढा घातला, तोवर तोफ व बंदूक निर्णायक झाल्या होत्या, आणि तलवार हळूहळू देवघरात गेली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर ८ ऑगस्ट १९४९ रोजी नाव पावले, आणि पुढील दशकात अंबरनाथला सरकारी आयुध कारखाना उभा राहिला. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, हा एक होता. तोच ‘कारखाना’ शब्द आज या खोऱ्याची उपजीविका झाला आहे. आश्विन शुद्ध नवमीस येथील कामगार यंत्रे पुसून त्यांना हळदकुंकू व झेंडूच्या माळा वाहतात, आणि त्या दिवसास अजूनही खंडेनवमी म्हणतात.