खंडेनवमीचे यंत्रपूजन आणि दंतचक्रांचा हिशेब

खंडेनवमीस क्षत्रियाने शस्त्र, शेतकऱ्याने नांगर-कुळव आणि सुताराने रंधा-पटाशी पुजावी, ही आपली जुनी रीत. यंत्रयुगात या पूजेत कारखान्यांतील अजस्र यंत्रे आली. आता विद्यार्थ्याने घडविलेल्या चिमुकल्या यंत्रमानवासही झेंडूची माळ घालता येईल. ज्या यंत्रास आपण हळदकुंकू वाहतो त्याचा गुणधर्म जाणणे हाही पूजेचाच भाग होय, असे आम्ही मानतो. म्हणून आज दंतचक्राविषयी, अर्थात गिअरविषयी, थोडे लिहीत आहोत.

अहिल्यानगर जिल्ह्यात या विषयाचा उत्तम दाखला उसाच्या चरकात सापडतो. गुऱ्हाळात चरकाच्या लांब लाटेला बैल जुंपीत. बैलांनी मोठे रिंगण पुरे करावे, तेव्हा चरकाच्या रुळाचा एक फेरा होई. पण तो ऊस चिरडण्याइतक्या जोराचा असे. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. बैलांचे काम यंत्राकडे गेले. हिशेब मात्र तोच राहिला.

साखर कारखान्यात मिल फिरविणारी वाफेची टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते. ऊस पिळणारे रोलर मात्र मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. या दोहोंमध्ये दंतचक्रांची साखळी असते. समजा, २० दात्यांचे लहान चक्र १०० दात्यांच्या मोठ्या चक्रास फिरविते. लहान चक्राचे पाच फेरे झाले म्हणजे मोठ्याचा एक होतो. वेग एकपंचमांश झाला, पण फिरविण्याचा जोर, ज्यास कारखान्यात ‘टॉर्क’ म्हणतात, तो जवळजवळ पाचपट झाला. घर्षणात जाते तेवढीच तूट. अशा जोड्या एकापुढे एक लावल्या की प्रमाणांचा गुणाकार होतो : दहास एक अशा तीन जोड्यांनी पाच हजार फेऱ्यांचे पाच फेरे होतात.

यंत्रमानवाच्या सांध्यांतही हेच घडते. विजेची लहान मोटार मिनिटाला ३००० फेरे घेईल, पण तिच्या अंगी जोर थोडा. शंभरास एक या प्रमाणाचा गिअरबॉक्स लावला, तर हात मिनिटाला ३० फेऱ्यांच्या गतीने फिरेल आणि एरवी न उचलणारे ओझे उचलील. चाकांवर धावणाऱ्या यंत्रमानवास सपाट जमिनीवर वेग हवा असेल, तर प्रमाण कमी ठेवावे. चढावर भार न्यावयाचा असेल, तर वाढवावे. प्रमाण कमी पडले तर मोटार अडते, वीज अधिक ओढते आणि तिचे वेटोळे जळते. फाजील वाढविले तर यंत्रमानव रांगत राहतो. अनेक महिन्यांची मेहनत एवढ्याशा चुकीने वाया जाऊ शकते.

दंतचक्र नवी शक्ती निर्माण करीत नाही. हाती आहे त्या शक्तीतून वेग किती घ्यावा व जोर किती, याची ते वाटणी करून देते. दोन्ही एकाच वेळी वाढवून मागणाऱ्यास मोठी मोटारच आणावी लागते. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, यंत्रास फूल वाहण्यापूर्वी आज त्याच्या चक्रांचे दाते एकदा अवश्य मोजा, आणि त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे आहे ते ठरवूनच उद्या सीमोल्लंघनास निघा.